लाल पट्टीचे डबे

मालसुनला ती बातमी कळली तेव्हा तिच्या हातात गरम सूपाचा वाडगा होता, आणि तो खाली पडला नाही हेच नवल.

रविवारची उपासना आटोपून मंडळी चर्चच्या तळघरात जेवायला बसली होती. पाळकबाई तिच्या शेजारी येऊन टेकल्या. वाईट बातमी त्या नेहमी अशाच सांगत, समोरच्याला घास भरवावा तशी.

"ताई, यंदा टेकडीवरच्या घराची किमची दोन हातांनी करू या का? कोबीचे चारशे गड्डे म्हणजे काय थोडं काम आहे! निम्म्याचा मसाला तुम्ही कालवा, निम्म्याचा एरान कालवेल. तुमच्या कमरेला तेवढाच आराम."

"माझी कंबर तक्रार घेऊन आली होती वाटतं तुमच्याकडे?"

"तसं नव्हे हो..."

"असू द्या, असू द्या. प्रभूच्या कामात हात मोजायचे नसतात," असं म्हणून मालसुन गोड हसली आणि उरलेलं सूप तिने न चाखताच संपवलं.

टेकडीवरचं घर म्हणजे मुलांचं वसतिगृह. लढाई संपल्यावर आईबाप हरवलेल्या पोरांसाठी चर्चच्या मंडळीने ते उभारलं. पुढे लढाईची पोरं मोठी होऊन पांगली आणि दुसऱ्या कारणांनी एकटी पडलेली पोरं येऊ लागली. आता बेचाळीस होती. ग्वेसान गावातल्या प्रत्येकाचा त्या घरावर एकेक हक्क होता, आणि या हक्काला कुणी दुसऱ्याला हात लावू देत नसे. न्हावी महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुकान बंद ठेवून पोरांचे केस कापायला जाई. सार्वजनिक न्हाणीघराचा मालक शनिवारी दुपारी त्यांना फुकट अंघोळ घाली, आणि नव्या न्हाणीघरवाल्याने एकदा तसंच करायचं ठरवलं तेव्हा दोघांची मारामारी व्हायची राहिली होती. चर्चच्या ज्येष्ठांपैकी मेंग वडील कोबी देत. मालसुनचा हक्क किमचीचा होता, हिवाळ्यासाठी तिखटामिठात मुरवायच्या त्या कोबीचा. एकतीस वर्षं त्या घरातल्या प्रत्येक पोराने हिवाळाभर दिवसातून तीन वेळा तिच्या हातचं खाल्लं होतं. तिला स्वतःला मूल झालं नाही, नवरा लवकर गेला. पण टेकडीवर पाय ठेवला की पोरं "किमची-आजी, किमची-आजी" करत धावत येत. रस्त्यात सुटाबुटातला एखादा माणूस कमरेत वाकून "ओळखलंत का, किमची-आजी?" असं विचारी, तो त्यांच्यातलाच निघे. त्या एका हाकेवर तिचं सगळं वर्ष निघत असे.

आणि ही एरान! चार वर्षांपूर्वी नवऱ्याच्या निवृत्तीनंतर दक्षिणेकडच्या हेनामहून इथे राहायला आली. दक्षिणेकडच्या बायकांच्या हाताला चव असते असं सगळा देश म्हणतो, आणि मालसुनला ते वाक्य लहानपणापासूनच सहन होत नसे. एरान हळू बोलायची, प्रार्थनेत खरंच डोळे मिटायची, सगळ्या बायकांना ती आवडायची. एवढी कारणं पुरेशी होती. पण खरा काटा रुतला होता तो मागच्या वसंतात. टेकडीवरची पोरं उपासनेला आली होती. सात वर्षांची सोल दारातून "किमची-आजी!" म्हणून ओरडली. मालसुन हात पसरून वाकली, तर पोरगी तिला वळसा घालून थेट एरानच्या कमरेला जाऊन बिलगली.

"अगं, किमची-आजी मी ना?" मालसुनने हसत विचारलं.

"तुम्ही पण आहात," सोल म्हणाली. "पण हिचा मुळा गोड असतो."

त्या "पण"वर मालसुन चार रात्री झोपली नव्हती.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अंगणात निळी ताडपत्री पसरली. आदल्या दिवशी मिठात निजवलेले कोबी सकाळी तीन पाण्यांतून धुऊन निथळत ठेवले होते. वीस बायका, रबरी हातमोजे, प्लास्टिकचे एप्रन, आणि मधोमध दोन भल्यामोठ्या लाल पराती. एका परातीशी मालसुन, दुसरीशी एरान. तिखट, किसलेला मुळा, मोहरीचा पाला, पातीचा कांदा, लसूण, तांदळाची पेज, खारवलेला जवळा. मालसुनने माप कधी वापरलं नाही. मूठ सांगेल ते माप. एरानच्या परातीत आंबवलेल्या मासळीचा काळपट रस पडला तसा मालसुनने नाकाला हात लावला, आणि आपल्याला कुणी पाहिलं नाही याची खात्री झाल्यावर पुन्हा एकदा लावला.

मसाला कालवला की कोबीचं आतलं पिवळं पान तोडायचं, त्यात चिमूटभर मसाला गुंडाळायचा आणि शेजारणीच्या तोंडात द्यायचा. "मीठ बघ गं," असं म्हणायचं. मालसुनने एकूण एक तोंडात घास दिला. मेंग वडलांची बायको, पाळकबाई, न्हाव्याची सून. सगळ्या "वा, ताई, वा!" म्हणाल्या. दोघीतिघींनी लगेच पाणी मागितलं. यंदा तिखट झणझणीत आहे, या विचाराने मालसुन सुखावली. एरानला मात्र तिने घास दिला नाही. गेल्या तीन वर्षांतही दिला नव्हता.

एरानच पान गुंडाळून तिच्याकडे आली. "ताई, जरा मीठ बघता?"

"दाढ दुखतेय माझी."

"मऊ पान आहे, आतलं..."

"दाढेला काय कळतंय आतलं-बाहेरचं!"

एरानने ते पान स्वतःच्या तोंडात टाकलं आणि ती गेली.

डबे भरून झाले तेव्हा मालसुनने खिशातून चिकटपट्टीची दोन रिळं काढली. आपल्या बावीस डब्यांना लाल, एरानच्या बावीसांना निळी. "तारखांचा घोळ नको," ती पाळकबाईंना म्हणाली. दोघींच्या डब्यांची तारीख एकच होती. पोरं आधी कुणाचे डबे संपवतात ते मालसुनला बघायचं होतं.

सगळा डिसेंबर तिने कसाबसा काढला. चांद्रवर्षाचा सण आठ दिवसांवर आला तसं तिला निमित्त मिळालं. सणाच्या सूपात घालायच्या तांदळाच्या वड्यांच्या चकत्या पिशवीत भरून ती टेकडी चढली. स्वयंपाकघर छोवन सांभाळायची. ती याच घरात वाढलेली, मालसुनच्या किमचीवर पोसलेली, आता पस्तिशीची.

"आजी, एवढ्या बर्फात कशाला आलात? फोन केला असता तर मी आले असते."

"चकत्या थंड खोलीत ठेवते गं, तू तुझं काम कर," असं म्हणत मालसुन तिच्या बाजूने सटकली.

थंड खोलीत शिरून तिने उरलेले डबे मोजले. निळे अकरा. लाल सात. लाल सात! तिने पुन्हा मोजले. पोरांनी तिचे चार डबे जास्त खाल्ले होते. मालसुनच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रभू न्यायी आहे, हे तिला एकदम पटलं. आनंदाच्या भरात तिने जवळच्या लाल डब्याचं झाकण उघडलं, नुसता वास घ्यायला.

वरच्या गड्ड्याखालून मुळ्याची एक फोड डोकावत होती. चांगली जाड, तळहाताएवढी. मालसुनने गड्डा उचलला. खाली अजून तीन फोडी. तिने फक्त किसलेला मुळा घातला होता. दुसरा डबा उघडला, तिसरा उघडला. सगळीकडे तेच.

आधी तिला वाटलं, तिच्या डब्यात कुणी लुडबुड केली! लुडबुड करणारी कोण असेल, हे सांगायला कुणी नको होतं. तिने तावातावाने एक फोड उचलून चावली, आणि चावता चावता थांबली. मुळा दाताखाली वाजला नाही; मीठ ओढून आतपर्यंत मऊ पडला होता.

असा मुळा कशासाठी खोचतात हे किमची करणाऱ्या कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. किमची खारट झाली की थरांमध्ये मुळ्याच्या फोडी घालतात, मुळा मीठ ओढून घेतो. मालसुनने स्वतः एकदा नणंदेच्या किमचीत अशा फोडी खोचल्या होत्या, चारचौघांत, मोठमोठ्याने बोलत. नणंद वर्षभर तिच्याशी बोलली नव्हती.

दारात छोवन उभी होती.

"हे कुणी घातलं?"

"आजी, चहा टाकू का?"

"छोवन!"

छोवनने एप्रनला हात पुसले. "एरानमावशीने. किमची झाली की तिसऱ्या दिवशी मुळे घेऊन येते. गेल्या वर्षी सगळे चव्वेचाळीस डबे तिने एकटीने केले."

"गेल्या वर्षी?"

"त्याच्या आदल्या वर्षी पोरं धुऊन खायची, आजी. वाटीत पाणी घ्यायची आणि त्यात बुडवून... ते तिने पाहिलं एकदा, जेवण वाढायला आली होती तेव्हा."

मालसुन डब्यावरच टेकली. "पाळकबाईंना माहीत आहे?"

"कुणालाच नाही. यंदा निम्मं मी करते, ताईंच्या कमरेला आराम, असं मावशीनेच त्यांना सुचवलं. मला म्हणाली, बावीस डब्यांचेच मुळे कापावे लागतील."

"आणि पोरांनी माझे डबे आधी संपवले ते?"

छोवन खाली बघत म्हणाली, "मुळा घातलेली किमची फार टिकत नाही, आजी. पाणी सुटतं. म्हणून लाल जास्त काढते."

सोल म्हणाली होती तो गोड मुळा हाच. मालसुन झाकणं लावून टेकडी उतरली. घरी येऊन तिने सकाळच्या सूपाचा घोट घेतला. तिला ते अळणी लागलं. शेजारणीला बोलावून दिलं, तर शेजारीण म्हणाली, "अगं बाई, मिठाची बरणी सांडली की काय?"

जीभ गेली होती. कधी गेली ते तिला कळलंही नव्हतं. अडुसष्ट वर्षांची जीभ गेली याचं दुःख एकवेळ गिळता आलं असतं. पण एरान गप्प राहिली, हे काही केल्या घशाखाली उतरेना. हसली असती, चारचौघांत बोलली असती, तर भांडता तरी आलं असतं. उपकाराशी भांडायचं कसं? मालसुन वर्षभर वाट बघत राहिली. कधीतरी या बाईच्या तोंडून सुटेल, एखाद्या रविवारी कुणाच्या तरी कानाशी लागेल. एरान हळूच बोलायची, डोळे मिटून प्रार्थना करायची, आणि मुळ्याचं नाव काढत नसे. आपल्याला हे जमलं नसतं, हे मालसुनला पक्कं ठाऊक होतं. आधी तिला एरानच्या हाताचा हेवा वाटायचा. आता तिच्या मनाचाही वाटू लागला, आणि हा दुसरा हेवा जास्त जाळत होता.

पुन्हा नोव्हेंबर आला, ताडपत्री पसरली, दोन पराती मांडल्या. मालसुनने मूठ सांगेल तसा मसाला कालवला. पान तोडलं, मसाला गुंडाळला. मेंग वडलांच्या बायकोने सवयीने तोंड पुढे केलं. मालसुन तिला ओलांडून पुढे गेली आणि दुसऱ्या परातीशी जाऊन उभी राहिली.

"आ कर," ती म्हणाली.

एरानने दचकून वर पाहिलं. मग आ केला. सगळ्या बायका बघायला लागल्या. एरानने सावकाश चावलं.

"मीठ?"

"छान आहे, ताई."

"चर्चच्या अंगणात उभी राहून खोटं बोलतेस?"

एरानचा चेहरा तिखटासारखा लाल झाला. तिने घास गिळला. "खारट आहे."

"किती?"

"मुळे... मुळे लागतील."

"मग आत्ताच किसून घालू. नंतर तीन दिवसांनी चोरासारखं येऊन खोचायला नको." मालसुन तिच्या शेजारी उकिडवी बसली. "आणि फोडी फार जाड कापतेस तू. बोटभर हव्यात. तुमच्या दक्षिणेकडे एवढंही शिकवत नाहीत?"

पाळकबाईंच्या हातातला कोबी तसाच लोंबकळत राहिला.

"तुम्हाला माहीत होतं?" एरानने हळूच विचारलं.

"जानेवारीपासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोललीस?"

एरान हसायला लागली. हसताना तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिखटाचा हातमोजा डोळ्याला लागून ते आणखीच वाढलं. मालसुनला वाटलं होतं, हे बोललं की छातीवरचा धोंडा उतरेल. तसा तो उतरला नाही. एरानचा मसाला तिने बोटाने चाखला. तिला तो अळणी लागला, म्हणजे बरोबर असणार, आणि त्याचाही तिला रागच आला. तरी ती तिथेच बसून मुळे किसू लागली, आणि दर थोड्या वेळाने एक पान गुंडाळून एरानच्या तोंडाशी नेऊ लागली. सातव्या पानाला एरानने मान डोलावली.

चिकटपट्टीची रिळं मालसुनच्या खिशातच राहिली.

दुपारी उकडलेल्या डुकराच्या मांसाचा वास सुटला तशी टेकडीवरची पोरं अंगणात घुसली. सोल आता आठ वर्षांची झाली होती. तिने फाटकातूनच हाक मारली, "किमची-आजी!"

दोघींनी वर पाहिलं. मालसुनने आधी ओ दिली.