बटाट्याचे कान

"नुसते दोन कान आणि एक शेपूट," नगराध्यक्ष म्हणाले. "तुम्हाला काय, अर्ध्या दिवसाचं काम."

गवंडी चौकातल्या सिमेंटच्या बटाट्याकडे बघत राहिला. पुरुषभर उंचीचा तो बटाटा त्यानेच घडवला होता. बटाट्याच्या शेतीवर जगणारं गाव, पण पाहुण्यांना दाखवायला तिथे होतं काय? एक तळं, ज्यात उन्हाळ्यात गुरंसुद्धा तोंड घालत नसत, आणि एक पडीक मनोरा, ज्याचा जिना धोक्याचा म्हणून बंद. तेव्हा फाट्यावरच्या पाटीवर तिसरं काहीतरी लिहिता यावं म्हणून नगरपालिकेने बटाटा उभारायचं ठरवलं. आयुष्यभर लोकांच्या भिंती आणि संडास बांधणाऱ्या गवंड्याकडे असलं काम पहिल्यांदाच आलं होतं. तो हरखून गेला.

त्याने शेतातून एक बटाटा निवडून आणला आणि समोर ठेवून हुबेहूब तसाच घडवला. एकेक डोळा त्याने चमच्याच्या दांड्याने कोरला. त्या बटाट्याला एका टोकाला बोथट फुगवटा होता. तेवढा सोडून द्या की, असं बायको म्हणालीसुद्धा. पण हा हट्टाला पेटला. खरा बटाटा कधी गुळगुळीत असतो का, म्हणाला. तिथेच घात झाला. उद्घाटनाला पडदा सरकला आणि गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "अरे, हे तर डुक्कर!"

गाव हसलं ते हसतच राहिलं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, असं लोक त्याच्या तोंडावर म्हणत. मग बाहेरगावचे लोकही येऊ लागले, डुकराच्या गळ्यात हात टाकून फोटो काढू लागले. तळ्याला आणि मनोऱ्याला कुणी विचारेना. फाट्यावरच्या पाटीवर कुण्या टवाळाने बटाटा खोडून डुक्कर लिहिलं, तेही पालिकेने पुसलं नाही.

"मी बटाटा केलाय, साहेब," गवंडी शेवटी म्हणाला.

"आम्हाला ठाऊक आहे हो. पण लोकांना कोण सांगत बसणार? तुम्हाला जमत नसेल तर बाहेरून माणूस आणतो."

बाहेरचा माणूस बटाट्यावर कशी छिन्नी चालवेल, ते गवंड्याला न सांगता दिसलं. तो तसाच लेकीच्या टपरीवर गेला. नवरा गेल्यापासून ती चौकातच चहा विकत होती. निदान हिने तरी आपली बाजू घ्यावी, एवढीच त्याची आशा होती. कप विसळता विसळता तिने सगळं ऐकून घेतलं.

"करून टाका ना, बाबा."

"तूसुद्धा?"

"लोक डुकरालाच बघायला येतात. बटाटे त्यांच्या घरी आहेत."

ती खोटं बोलत नव्हती, हेच त्याला जास्त लागलं.

दगडापेक्षा वीट मऊ, अशी स्वतःची समजूत घालून दुसऱ्या दिवशी तो थापी आणि बादली घेऊन गेला. नवं सिमेंट धरावं म्हणून जुन्यावर टाचे मारून ते खडबडीत करावं लागतं. त्याने कोरलेले डोळे त्याच्याच हातोडीखाली उडाले. मुद्दाम वाईट काम करावं, असंही मनात येऊन गेलं, पण हात बेइमान निघाले. त्यांना वाईट काम येतच नव्हतं. एक कान ताठ, दुसरा किंचित दुमडलेला, आणि शेपटीला असा पीळ की आता हलेल असं वाटावं. नगराध्यक्षांनी सगळ्यांदेखत त्याची पाठ थोपटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बटाट्याला एकही टाळी पडली नव्हती.

फोटो काढायला आलेली एक बाई त्याच्याजवळ थांबली. "काय सुरेख केलंय हो! कुणी केलं हे डुक्कर?"

लेक टपरीतून बघत होती. आता तरी बाबा आपलं नाव सांगतील, असं तिला वाटलं.

"काय माहीत," गवंडी म्हणाला. "मी नुसते कान बसवले."

बाईला फोटोत तो नको होता. तिने हाताने जरा बाजूला व्हायची खूण केली, आणि तो बादली उचलून बाजूला झाला.