चेहरा सोडून

माझी नणंद नुसैबा तायक्वांदो खेळते हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तायक्वांदो म्हणजे काय, ते मात्र सासऱ्यांना ठाऊक नव्हतं. आमच्या तुडीलमध्ये त्याला सगळे कराटेच म्हणतात, आणि अब्बांच्या मनात कराटे म्हणजे रांगेत उभं राहून हवेत हात मारणं. पोरगी कॉलेज सुटल्यावर महाडलाच थांबते, घामाघूम होऊन येते, चार घास जास्त जेवते, यापलीकडे त्यांनी कधी विचारलं नाही.

एका दुपारी ते महाडच्या बाजाराला गेले आणि येताना तिला सोबतच आणावं म्हणून सरावाच्या हॉलवर पोचले. दारातूनच त्यांना दिसलं, की आपली लेक समोरच्या मुलीच्या गालावर लाथ मारतेय आणि तिचे सुहास सर ओरडतायत, "शाब्बास! अशीच पाहिजे!"

दोघं घरी आले. अब्बांनी पिशवी ओट्यावर ठेवली.

"तस्लीम, तुला ठाऊक होतं?"

"होतं, अब्बा," मी म्हटलं.

"माणसाच्या तोंडावर लाथ?"

"हेल्मेट असतं, अब्बा," नुसैबा आतून म्हणाली.

"हेल्मेट डोक्याला असतं. तोंडाला असतं काय गो?"

अब्बा ओरडणाऱ्यांतले नाहीत. त्यांनी पाणी मागितलं, प्यायले, आणि शांतपणे सांगितलं की मौलानांना विचारू. मौलाना नाही म्हणाले तर खेळ बंद.

"आणि हो म्हणाले तर?"

"तर मी मधे येणार नाय."

रविवारी महाडला जिल्ह्याची निवड होती. जिंकणारी राज्याला जाणार. त्यासाठी नुसैबा वर्षभर खपली होती.

मी लगेच तयारीला लागले. मौलाना काय विचारणार ते मला माहीतच होतं, असं मला वाटत होतं. मुलीचा प्रश्न म्हटला की कपड्यांचा प्रश्न. अफीफा, माझी दीड वर्षाची लेक, जेवढा वेळ झोपेल तेवढ्यात मशीन चालवायचं. मी काळं, गळाबंद, मनगटापर्यंतचं आतलं जाकीट शिवलं आणि हेल्मेटखाली बसेल असा स्कार्फ शिवला. खेळाचा ड्रेस तर मुळातच ढगळ असतो. आमचे हे कुवेतहून व्हिडिओ कॉलवर म्हणाले, "अगं, एवढ्या कपड्यांत ती लढणार कशी?" म्हटलं, तुम्ही तिकडे एसीत बसा.

मौलाना दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर आले. माणूस तरुण, म्हसळ्याकडचा, बोलायला नरम. मी शिवलेलं सगळं पुढे मांडलं. त्यांनी पाहिलं, "माशाअल्लाह, छान शिवलंय," म्हणाले आणि बाजूला ठेवून दिलं. माझा सगळा अभ्यास दोन शब्दांत संपला.

मग त्यांनी नुसैबाला विचारलं, "पैज लावतात का कोणी?"

"नाय."

"नमाज?"

"हॉलच्या मागच्या खोलीत पढते."

"मारतात कुठे?"

नुसैबानं अब्बांकडे पाहिलं. "छातीवर, पोटावर. आणि डोक्यावर, तोंडावर, फक्त पायानं."

अफीफा मौलानांच्या गुडघ्याला धरून उभी राहिली होती. तिला सांभाळत ते म्हणाले, "हुजूर पैगंबरांनी स्वतः कुस्ती केली, रुकाना पहिलवानाला पाडलं, अशी रिवायत आहे. अंगात ताकद असणं चांगलंच. पण मारताना चेहरा सोडा, हेही त्यांनीच सांगितलंय. मला कळतं तेवढं मी सांगतो. दुसरे आलिम याहून कडक सांगतील, कोणी सैलही सांगतील. माझ्या मते हा खेळ हराम नाही. पण चेहऱ्यावर मारणं जायज नाही."

"म्हणजे नाय," अब्बा म्हणाले.

"म्हणजे हो!" त्याच वेळी नुसैबा म्हणाली.

मौलाना हसले. "दोघांनी एकच ऐकलं ना?"

"अब्बा, तोंडावर मारलंच पाहिजे असा नियम नाय. मारलं तर तीन गुण, पोटावरच्या लाथेला दोन. मी पोटावरच मारीन."

"आणि समोरची तुझ्या तोंडावर मारेल तेव्हा?"

"तेव्हा तोंड बाजूला घेईन."

अब्बांनी मौलानांकडे पाहिलं. मौलाना म्हणाले, "ती पाळू शकत असेल तर मी कशाला अडवू?"

सुहास सरांना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं, एक हात बांधून लढण्यासारखं आहे हे!" पण मग त्यांनीच वाट दाखवली. सरळ लाथेला दोन गुण, पण पाठ फिरवून, गिरकी घेऊन पोटावर मारली तर चार. तोंडावरच्या साध्या लाथेपेक्षा जास्त. धोका एवढाच की गिरकी घेताना क्षणभर समोरची दिसत नाही.

उरलेले दिवस अंगणात पॅड धरून मी उभी. अफीफा ओट्यावरून प्रत्येक लाथेला "धप!" म्हणायची. नुसैबाची टाच पॅडवर बसली की मी दोन पावलं मागे जायचे. शेवटी शेवटी तर गोठ्याच्या भिंतीलाच टेकून उभी राहू लागले.

"भाबी, लागलं?"

"मला नको विचारू. गिरकी लवकर घे."

रविवारी अब्बा आमच्यासोबत आले. बाहेर थांबतो म्हणाले. थांबले नाहीत.

शेवटची लढत पोलादपूरच्या पूनमशी होती. तीन फेऱ्या, प्रत्येकीचे गुण वेगळे, दोन जिंकेल ती पुढे. डोंगरावरच्या वाडीतली मुलगी, चढउतार करून पाय असे घट्ट की जमिनीतून उगवल्यासारखी उभी राहायची. पहिल्या फेरीत तिनं नुसैबाच्या गालावर फाडकन लाथ मारली. अब्बा माझ्या शेजारी "या अल्लाह" म्हणाले आणि पुढे सरकून बसले. ती फेरी पूनमची. दुसरीत नुसैबाची गिरकी दोनदा पोटावर नीट बसली. ती फेरी आमची.

तिसऱ्या फेरीत गणित बदललं. ही मुलगी पाय छातीच्या वर नेतच नाही, हे पूनमनं ओळखलं. तिनं दोन्ही हात खाली आणून पोट झाकलं आणि तोंड उघडं टाकून बिनधास्त पुढे येऊ लागली. नुसैबाच्या लाथा हातांवर आपटत होत्या. गुण नाही. पूनम दोन गुणांनी पुढे.

"वर! वर मोकळं आहे!" सुहास सर ठरलेलं सगळं विसरून ओरडले.

खरंच मोकळं होतं. लढत तिथेच जिंकता आली असती. मी अफीफाला इतकं घट्ट धरलं की ती कुरकुरली.

नुसैबाचा पाय वर गेला. सरळ, पूनमच्या गालाच्या दिशेनं. अब्बांचा श्वास मला ऐकू आला. पूनमचे दोन्ही हात झटकन तोंडाकडे गेले, आणि पाय तिच्यापर्यंत पोचायच्या आधीच खाली आला, टेकला, त्याच पायावर नुसैबा फिरली आणि टाच पूनमच्या पोटाच्या मधोमध बसली.

"धप!" अफीफा म्हणाली.

चार गुण. उरलेला वेळ नुसैबानं नुसतं पळून काढला.

लढतीनंतर पूनम हेल्मेट काखेत घेऊन आमच्याकडे आली. "तोंडावर का नाय मारलंस गो? भीती वाटते काय?"

"भीती कसली? तोंडावर मारायचं नाय, असं आमच्यात हाय."

"मग आधी सांगायचंस ना! हात पहिल्यापासनं खाली ठेवले असते."

"म्हणूनच नाय सांगितलं."

पूनम खो खो हसली. "पुढच्या वेळी बघते तुला."

"ये की."

अब्बा हे सगळं ऐकत उभे होते. पूनम गेल्यावर ते नुसैबाला म्हणाले, "पाय वर नेलास."

"नेला, अब्बा. लावला नाय."

"मी बघितलं." त्यांनी तिच्या गालावरचा लाल वळ अंगठ्यानं हलकेच चाचपला. "पण तू तोंड बाजूला घेणार होतीस ना? हे काय मग?"

"एकदाच लागली."

"एकदा पण नको." मग ते सुहास सरांकडे वळले. "सर, राज्याची स्पर्धा हाय कुठं? आणि तोवर हिला तोंड चुकवायला शिकवा. मारायचं तिला येतं."