छताला कान

किल्ली त्याच्या हातात देऊन घरमालकीणबाई जिन्याखालीच थांबल्या.

"गुडघे कुरकुरतात हो. तुम्हीच बघून या वर."

खोली बघायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या हेच सांगत. गुडघे ठणठणीत होते. माणूस एकटा वर गेला की त्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसायच्या आणि छताला कान लावायच्या. तोंडाने कुणीही गोड बोलतं; पायांना ते जमत नाही.

हा लिफ्टदुरुस्तीवाला धाडधाड चढला. त्याने खिडकी आपटली, नळ सोडून पाहिला, मध्येच शीळ घातली. मांडणीवरची भांडी थरथरली. बाई पदर सावरून नीट बसल्या.

संध्याकाळी लेकीचा फोन आला.

"आई, या वेळी तरी चौकशी कर. आधीच्या घरमालकाला विचार. आणि शांत माणूस बघ."

शांत! मागचा भाडेकरू इतका शांत की मांजराने लाजावं. तो खोली सोडून गेला, हेसुद्धा बाईंना झाडूवालीकडून कळलं होतं.

तरी त्यांनी चौकशीचा फोन लावला. पलीकडेही एक बाईच निघाल्या.

"अहो, मुळीच देऊ नका! चालतो की नाचतो तेच कळत नाही. दार कधी हळू म्हणून लावलं नाही. अंघोळीला गेला की गाणी. आणि माझं दूध उतू चाललं की वरूनच बोंब, 'काकू, गॅस!' नाक आहे की काय मेल्याचं!"

"म्हणून काढलंत?"

"मी कशाला काढू? त्याचं कामच तुमच्या बाजूला गेलं."

पलीकडे कुठेतरी नळ ठिबकत होता.

"धोक्याचा माणूस आहे, बाई," त्या हळूच म्हणाल्या. "सवय लागते."

जरा वेळाने लेकीने पुन्हा फोन करून विचारलं, "काय म्हणाले?"

"वाईट बोलल्या. फार वाईट."

"बघ! सुटलीस."

"हो," म्हणत बाईंनी फोन ठेवला. चपला अडकवून त्या बाहेर गेल्या आणि फाटकावरची 'खोली भाड्याने देणे आहे'ची पाटी काढून आणली. ती कपाटामागे सारली. मग त्या आधीच्या घरमालकीणबाईंचा नंबर पुन्हा फिरवला.

"मी बोलतेय. पुढच्या महिन्यात तो राहायला आला की एखाद्या रविवारी या ना. स्वयंपाकघरात आणखी एक स्टूल आहे माझ्याकडे."