कुंकवाखालचं साल

मला उचलून बघा, मित्रांनो. दोन्ही हात लावा. जड आहे ना? मी जुना पाना आहे, अस्सल लोखंडाचा. माझ्या जबड्याजवळ एक फिरकी आहे. ती फिरवली की माझं तोंड लहानमोठं होतं आणि कुठलाही नट मला धरता येतो. सोलापुरातल्या एका गिरणीत, कुंडलिक फिटरच्या हातात, मी सोळा वर्षं मागांचे नट आवळत आलो आहे.

माझा जन्म विलायतेतला. भट्टीत तापलो, घणाखाली चेपलो, एवढंच आठवतं. तुम्हाला तरी तुमचं बारसं कुठं आठवतं? मोठ्या लढाईच्या दिवसांत बोटीतून हिंदुस्थानात आलो आणि लष्कराच्या मोटारींची चाकं सैल-घट्ट करत राहिलो. लढाई संपली आणि आमचं काम संपलं. पोत्यात भरून आम्हांला लिलावात काढलं. फिरत फिरत मी मंगळवार बाजारात, गंजक्या बिजागऱ्यांच्या ढिगात येऊन पडलो.

तिथं कुंडलिकनं मला उचललं. माझी फिरकी जाम झाली होती. त्यानं घरी नेऊन घासलेट सोडलं, अंगठ्यानं हळूहळू पुढंमागं केलं. फिरकी सुटली तेव्हा तो बायकोला म्हणाला, "सारजे, चालतंय की गडी!" तेव्हापासून मी त्या घरचा झालो.

माझ्या मानेवर काही आकडे आणि खुणा ठोकलेल्या होत्या. कुंडलिकला वाचता येत नव्हतं. त्याला ती नक्षी वाटली. सारजाबाई दर खंडेनवमीला मला पाटावर ठेवायची आणि नेमकं त्या नक्षीवर हळदीकुंकू वाहायची. ते कुणी पुसायचं नाही, हा तिचा नियम. वर्षामागून वर्षं कुंकवावर कुंकू चढलं, त्यात मागाचं तेल मुरलं, आणि माझ्या मानेवर लाल-काळी खपली धरली. मला तिचा अभिमान होता हो! गिरणीतल्या दुसऱ्या कुठल्या पान्याचे एवढे लाड होत होते? कुंडलिकची तान्ही फुला दात येताना माझी थंडगार मूठ चावायची. माझ्यावर ओरखडाही उठायचा नाही, पण मला बरं वाटायचं.

सगळं बिघडलं ते तीन वर्षांपूर्वी. गिरणीनं माझ्यासारखेच दिसणारे बारा नवे पाने मागवले होते. त्यातला एक हरवला. त्याच आठवड्यात दरवाजावर नवा पहारेकरी आला आणि सुटीच्या भोंग्याला त्यानं कुंडलिकच्या पिशवीतून मला बाहेर काढलं.

सामानखोलीचे कारकून मानसिंगराव धावत आले. मला उलटंसुलटं करून म्हणाले, "हाच तो! वरून कुंकू फासलं म्हणजे चोरीचा माल देवाचा होतो काय रे?"

"माझा हाय हो रावसाब. तेरा वर्षं झाली."

"पावती दाखव."

बाजारातल्या बिजागऱ्यांच्या ढिगाची कसली पावती? विकणारा म्हातारा केव्हाच देवाघरी गेला होता. शेवटी मागखात्याचे मास्तर म्हणाले, "शनिवारपर्यंत पुरावा आण, कुंडलिक. नाहीतर तुझं नाव कमी करावं लागेल." त्यांनी माझ्या मुठीला नंबराची चिठ्ठी बांधली आणि मला त्याच्याच हवाली केलं.

घरी कुंडलिक जेवला नाही. "नोकरी गेली तर बघू," तो म्हणाला, "पन चोर म्हनून गेली तर दुसऱ्या गिरणीत कोन उभं करंल मला?" सारजाबाईनं फुलाला कडेवर घेतलं, मला पदराखाली धरलं आणि म्हणाली, "उठा. चन्नप्पामामांकडं जाऊ."

चन्नप्पा लढाईच्या काळात लष्कराच्या कारखान्यात फिटर होता. आता त्याचं सायकलीचं दुकान होतं. दुकानाच्या भिंतीवर त्यानं जुनी अवजारं सालवार टांगून ठेवली होती. लाकडी मुठीची आधी, मग ओतीव, मग चकचकीत. लोक हसायचे. म्हणायचे, म्हाताऱ्यानं लोखंडाचं गोकुळ मांडलंय.

त्यानं मला हातावर तोललं. "घडणीवरून लढाईतला वाटतो. पण घडण फसवते. कारखानेवाले एकच साचा वीस वीस वर्षं चालवतात. ठोकलेलं साल खोटं बोलत नाही. तंगी, हे कुंकू काढावं लागतं बघ." धाकट्या बहिणीला कानडीत तंगी म्हणतात. तो सारजाबाईला तशीच हाक मारायचा.

सारजाबाईनं मला मागं ओढलं. "पूजेचं कुंकू खरवडायचं? अभद्र बोलू नका मामा. आधीच आमच्यावर येळ आलीय."

"तुझ्या घरच्या देवाला रोज आंघोळ घालतेस की नाही?"

"घालती की."

"मग ह्याला तेरा वर्षं का पारोसा ठेवलास?"

सारजाबाईनं मला पुढं केलं. मग तिनं फुलाला चन्नप्पाच्या मांडीवर दिलं आणि कोमट पाणी मागितलं. खपलीवर घासलेटाचा बोळा धरला, मऊ झाल्यावर राख आणि काथ्यानं घासू लागली. ओठांतल्या ओठांत देवाची माफी मागत होती. लेकराच्या टाळूवरचं तेल काढावं तसा तिचा हात फिरत होता. पाणी लाल झालं. मला वाटलं, माझं सगळं कौतुक वाहून चाललंय.

चन्नप्पानं मला उजेडात धरलं आणि मोठ्यानं वाचलं, "एक, नऊ, एक, सात. सन एकोणीसशे सतरा!"

शनिवारी चन्नप्पालाही बरोबर घेऊन आम्ही मास्तरांच्या टेबलापाशी गेलो. मास्तरांनी भिंग लावलं, साल वाचलं आणि मान हलवली. "आपले पाने तर गेल्या वर्षी बनलेत, मानसिंगराव."

पण मानसिंगरावांचं बोट सालाच्या शेजारी गेलं. "हा बाण बघा की साहेब! ही सरकारी मालाची खूण. गिरणीचा नसंल, तर ह्यानं सरकारचा ढापलाय!"

कुंडलिकनं पुढं होऊन माझी मूठ पकडली. त्याच्या हाताचा घाम माझ्या मुठीला लागला. पुरावा म्हणून आणलेली नक्षीच आता त्याच्या गळ्याशी आली होती. सारजाबाई दाराशी उभी होती. तिनं फुलाला असं घट्ट धरलं की पोर रडायला लागली.

चन्नप्पा मात्र खो खो हसला. "बाण एक आहे की दोन? नीट मोजा, रावसाब."

भिंग पुन्हा खाली आलं. पहिल्या बाणाच्या टोकाला टोक भिडवून, दुसरा उलटा बाण ठोकलेला होता.

"सरकारनं माल मोडीत काढून विकला, की असा दुसरा बाण मारतात," चन्नप्पा म्हणाला. "मीच किती मारलेत. हा बाजारात रीतसर आलाय."

मास्तरांनी स्वतःच्या हातानं माझी चिठ्ठी तोडली. "जा कुंडलिक, तुझा माग बंद पडलाय केव्हाचा." मानसिंगराव खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आम्ही आपलं चौकशी केली, दुसरं काय." कुंडलिकनं मला पिशवीत घातलं. सारजाबाई म्हणाली, "करा की रावसाब, चौकशी करा. पन आदी मोजा." मास्तरसुद्धा हसले. आठ दिवसांनी तो हरवलेला पाना एका मागाखालीच, तेलाच्या थाळीत निवांत पडलेला सापडला.

त्या शनिवारी कुंडलिक दोन भाकऱ्या जास्त जेवला. मग मला मांडीवर घेऊन त्यानं माझ्या मानेवर नख फिरवलं. एक, नऊ, एक, सात. चुकला, पुन्हा म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो चन्नप्पाकडं बाकीचे आकडे शिकायला गेला. आता तो इंजिनावरचे, मागांवरचे, रस्त्यातल्या मैलाच्या दगडावरचे आकडे वाचत सुटतो. सारजाबाई म्हणते, "अवो, जरा रस्त्याकडं बघून चाला!"

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखं कुणी असेल. अडकित्ता, हातोडी, शिवणयंत्र. त्याला तेल द्या, कोरडं ठेवा. पण एवढ्यावर थांबू नका. त्याच्यावर काय लिहिलंय ते पुसून बघा. तुम्ही शाळेत जाता, तुम्हाला वाचता येतं. ज्यांच्या हातांनी ते आयुष्यभर वापरलं, त्यांच्याजवळ बसा आणि त्यांना ते मोठ्यानं वाचून दाखवा.