टाकीतला गूळ

बोराएवढा गुळाचा खडा.

सोमाटण्याच्या वळणावर बिचकलेला बैल.

हळदीकुंकवाने माखलेला काचेचा दिवा.

जिभेच्या टोकावर पेट्रोल, आणि पेट्रोलमागून गोड चव.

"एकदा चाळीत चूल मांडली, की मंग घर निस्तं सणाला आठवतंय."

मित्रांनो, हे सगळे तुकडे माझेच आहेत. मी एक जुनी फटफटी आहे. माझी आठवण माझ्या इंजिनासारखी चालते. धक्का बसला की सुरू, चढ लागला की बंद. तेव्हा मध्येच थांबले तर रागावू नका.

माझं लोखंड विलायतेतलं. बोटीतून मुंबईच्या गोदीत उतरले आणि पुण्याच्या लष्कर भागात एका दुकानात काचेमागे उभी राहिले. लोक यायचे, माझ्या दांडीवरून हात फिरवायचे, "वा!" म्हणायचे आणि निघून जायचे. नुसत्या कौतुकाने चाकं फिरत नाहीत, हे मला तिथे कळलं.

मग महिपती आला. इंदुरीच्या शेतकऱ्याचा मुलगा. पहिल्या महायुद्धात बसऱ्याच्या लढाईत तो फटफटी चालवायला शिकला होता, आणि आता लोणावळ्याला वीज कंपनीच्या धरणावर कामाला लागला होता. त्याची पाळी पहाटे सुरू व्हायची. तेवढ्या लवकर जवळच्या तळेगावाहून आगगाडी नव्हती. साहेबाने सांगितलं होतं, वेळेवर येणं जमत नसेल तर इथल्या चाळीत खोली घे.

महिपती चाळीत गेला असता, तर त्याची बायको शालूबाईही गेली असती. मग घरात उरली असती म्हातारी आई धोंडाबाई आणि बाप भिमाजी. चाळीतल्या चुलीचं ते वाक्य धोंडाबाईचंच. म्हणून महिपतीने मला घेतलं. मी वेळेवर चालले, तरच ते घर एकत्र राहणार होतं.

दुकानातून निघालो. खडकी. चिंचवड. देहूचा फाटा. नव्या चाकांना रस्त्याचा प्रत्येक खडा कळत होता, आणि मला वाटत होतं की हा सगळा रस्ता माझ्यासाठीच

थांबा. इथे मला बंद केलं होतं.

सोमाटण्याच्या वळणावर परंदवडीच्या दत्तोबाची बैलगाडी आडवी आली. माझा आवाज ऐकून त्याचा डावा बैल बिचकला, म्हणून महिपतीने मला बंद केलं. दत्तोबा खाली उतरला, माझ्याभोवती फिरला आणि वाकून मागून बघू लागला.

"पावनं, ही खाती काय?"

"पेट्रोल."

"आन् शेण?"

"शेण न्हाई, भाऊ. नुसता धूर."

"मंग शेतकऱ्याच्या काय कामाची?" दत्तोबा म्हणाला. पण निघताना त्याने माझ्या सीटवर बैलाच्या पाठीवर मारतात तशी थाप मारली. "जपून ने. नवं जनावर हाय."

संध्याकाळी इंदुरीत शिरलो. अर्धं गाव दारात जमलं होतं. भिमाजी तेवढा लिंबाखाली पाठ करून बसला होता.

"आबा, बघा तरी," महिपती म्हणाला.

"बैलाला हाक मारली तर वळून बघतो. ही बघती का? मी न्हाई हिला हात लावायचा."

"तुमी तरी कुटं वळून बघताय?" धोंडाबाई म्हणाली, आणि सगळे हसले.

महिपतीने डब्यातून माझ्या टाकीत पेट्रोल ओतलं. "आये, ही हितनं पिती बघ." मग टाकीचं झाकण गच्च पिळून तो विहिरीवर हातपाय धुवायला गेला. गंमत संपली तशी माणसंही पांगली.

मावळात नवा बैल घरी आला की घरची बाई त्याच्या पायांवर पाणी घालते, कपाळाला हळदकुंकू लावते आणि गूळ चारते. गूळ खाल्ला की जनावर जुनी दावण विसरतं आणि या घराचं होतं. धोंडाबाईने माझ्या चाकांवर पाणी घातलं. दिव्याला हळदकुंकू लावलं. मग तिने माझं तोंड शोधलं. ते कुठे आहे, हे तिला लेकानेच दाखवलं होतं.

झाकण उघडलं. गूळ आत पडला.

"ऱ्हा गं बाई आमच्यात," ती म्हणाली. "माझ्या लेकाला रोज घरला आण."

मित्रांनो, माझ्याशी इतक्या मायेने तोवर कोणी बोललं नव्हतं. पण गूळ पेट्रोलमध्ये विरघळत नाही. तो भुरभुरतो, खाली बसतो आणि

दुसऱ्या दिवशी पहाटे, कामशेतच्या अलीकडे, मी खोकले आणि थांबले.

महिपतीने लाथा मारून पाहिल्या. ढकलून पाहिलं. शेवटी पेट्रोलची नळी सोडली. तिच्या बारीक जाळीत तांबूस चिखल साचला होता. त्याने तो बोटावर घेतला, निरखला आणि जिभेला लावला. मग रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसला. आधी हसला. मग टाकी रिकामी करायला उठला.

टाकी धुऊन लोणावळ्याला पोहोचेपर्यंत पाळी सुरू झाली होती. साहेब म्हणाला, "उद्या उशीर झाला तर परवापासून चाळीत."

संध्याकाळी परतलो तेव्हा धोंडाबाई गूळ घेऊन दारातच उभी होती. भिमाजी लिंबाखालून उठून आला होता.

"वाटंत नडली न्हाई न्हवं?" त्याने जमिनीकडे बघत विचारलं.

"न्हाई आबा. वाऱ्यावानी गेली."

धोंडाबाईचा हात टाकीकडे निघाला. महिपतीने तो हलकेच धरला.

"आये, बैल येगळा, ही येगळी. हिचा गूळ हाकणाऱ्यानं खायाचा. मंग तिला पोचतो."

"खरं?"

"बसऱ्याला आमी तसंच करायचो."

त्याने लहान पोरासारखा आ केला. शालूबाई दाराआड तोंडाला पदर लावून हसली. धोंडाबाईने गूळ लेकाच्या तोंडात घातला आणि थाप मात्र माझ्या टाकीवर मारली.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही वेळेवर पोहोचलो. मग रोजच. चाळीतली ती खोली दुसऱ्या कुणीतरी घेतली. धोंडाबाई होती तोवर गूळ चुकला नाही, आणि महिपती रोज घरी आला.

आता दुसरी लढाई चालू आहे. पेट्रोल मिळत नाही. सकाळची आगगाडी आता लवकर सुटते, तिने महिपती कामावर जातो. मी गोठ्यात आहे. माझ्या सीटवर कोंबडी बसते. शेजारचा बैल माझ्या दांडीला मान घासतो. मला त्याचा राग येत नाही.

मित्रांनो, यंत्राला माया जरूर लावा. फक्त त्याला काय चालतं, ते आधी विचारा. आणि मायेपोटी कुणाची चूक झाली, तर महिपतीसारखी ती गिळून टाका.

एक सांगायचं राहिलं. टाकीचं झाकण धोंडाबाईच्या हाताला हललंसुद्धा नव्हतं. ते भिमाजीने उघडून दिलं होतं.