आमचं भागतं

मी आयुष्यात एकच खोटं शाईने लिहून दिलंय, आणि त्यापायी आमच्या वेसिकोस्की गावातल्या दीडशे पोरांचं दुपारचं जेवण जाणार होतं. माझी तिघं त्यातलीच.

उन्हाळ्यात शाळा बंद, म्हणजे शाळेतलं जेवणही बंद. पण जूनच्या पहिल्या सोमवारपासून बरोबर बारा वाजता नगरपालिकेची स्वयंपाकीण राउनीमावशी नदीकाठच्या बागेत मोठ्या पातेल्याचं झाकण उघडते. घरून वाडगा आणायचा, चमचा आणायचा आणि रांगेत उभं राहायचं. कोणी नाव विचारत नाही, पगार विचारत नाही, बाप कुठे असतो तेही विचारत नाही. पोरं गवतावर मांडी ठोकून सॉसेजचं सूप भुरकतात. मोठ्यांना मात्र थेंबही नाही, उरलं तरी नाही, असा नियम. मी पहाटे चारला बेकरीत जाते ती दुपारी दोनला सुटते. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या फ्रिजमध्ये मोहरीच्या सॉसची बाटली आणि आतला दिवा, एवढंच असतं. तेव्हा ते सूप मला काय होतं ते कोणाला सांगायची गरज नव्हती. म्हणून मी कोणाला सांगितलंही नव्हतं.

एप्रिलमध्ये नगरपालिकेला काटकसरीचा झटका आला आणि घरोघरी फॉर्म आले. 'आपल्या कुटुंबाला बागेतल्या जेवणाची गरज आहे का? होय किंवा नाही.' आता आमच्याकडचा माणूस बर्फात मानेपर्यंत रुतला तरी 'नाही नाही, जरा उभा आहे' असं म्हणणारा. त्याला हे विचारायचं? मी 'नाही'वर ठसठशीत फुली मारली. झाकली मूठ सव्वा लाखाची! मग मनाला टोचणी लागली, म्हणून खाली 'इतर काही' असा रकाना होता त्यात शेजारणीबद्दल दोन ओळी लिहिल्या. आपण केवढ्या परोपकारी, या खुशीत वर दोन कप कॉफी प्यायले.

मे महिन्यात पेपरात बातमी आली. नव्वद घरांनी फॉर्म भरले, त्यात 'होय' म्हणणारी घरं चार. सबब जेवण बंद करावं, असा प्रस्ताव.

त्याच संध्याकाळी राउनीमावशी माझ्या दारात. साठीची बाई, खांदे पैलवानाचे, आणि हातात चक्क ओगराळं. ते घेऊन ती बसमधून आली होती!

"हेइनी, मी रोज दीडशे वाडगे भरते. पेपर म्हणतो चार घरांना गरज आहे. मग बाकीचं सूप पितं कोण गं? बागेतल्या खारी?"

"खारी पण असतील," मी म्हणाले.

"तू काय लिहिलंस?"

मी केटलीकडे बघायला लागले.

"वा! शाब्बास!" ओगराळं माझ्या छातीवर रोखून ती म्हणाली, "गुरुवारी पाच वाजता शाळेच्या हॉलमध्ये सभा आहे. ये. आणि येताना तोंड पण घेऊन ये, घरी विसरू नकोस."

सभेला शंभरेक माणसं आली. नगरपालिकेची कॉफी आणि वेलदोड्याचे पाव फुकट होते, त्यामुळे गर्दीला निमित्त मिळालं. पण बसायचं कसं? प्रत्येकाने मध्ये एकेक खुर्ची सोडलेली. माझ्या एक खुर्ची पलीकडे लाल टोपी घालून माझी शेजारीण ओउती बसली होती. आम्ही सात वर्षं समोरासमोरच्या दारात राहतो आणि या सात वर्षांत आमचं बोलणं नमस्काराचं 'मोई' आणि 'काय बाई गारठा' याच्यापुढे गेलं नव्हतं.

अध्यक्ष उर्पो. माणूस वाईट नाही, पण आकड्यावर भारी विश्वास. "नव्वदपैकी चार," तो म्हणाला. "आकडे बोलतात. तरी मी शेवटचं विचारतो. इथे कोणाला गरज आहे? हात वर करा."

शंभर माणसं आपापल्या बुटांकडे बघायला लागली. पाव चघळायचाही आवाज थांबला. राउनीमावशीचे डोळे माझ्या मानेवर, मला मागे न बघताही कळत होतं. माझी तिन्ही पोरं रिकामे वाडगे घेऊन बागेत उभी आहेत असं मला दिसायला लागलं आणि मी ताडकन उठले. पण उठले तरी जीभ उठेना! 'मला गरज आहे', साधे तीन शब्द. त्याऐवजी तोंडातून भलतंच निघालं.

"तो 'इतर काही'चा रकाना कोणी वाचलाय का?"

फॉर्मचा गठ्ठा घेऊन बसलेली वेन्ला नावाची कारकून पोरगी दचकली. "तो मोजता येत नाही ना... म्हणून बाजूला ठेवला."

"मग आता वाचा!"

"नावं वगळून वाच," उर्पो सुस्कारा टाकून म्हणाला. बिचाऱ्याला वाटलं, दोन मिनिटांचं काम.

वेन्लाने पहिला फॉर्म उचलला. "'आमचं भागतं. पण शाळेमागे राहणाऱ्या त्या बाईंना लागेल, ज्यांच्या कुत्र्याला एकच कान आहे.'"

अख्खा हॉल वळला. शाळेमागे राहणाऱ्या आणि एका कानाच्या कुत्र्याच्या मालकीणबाई गावात एकच. त्या बीटासारख्या लाल झाल्या. "मला? कोणी लिहिलं हे?"

"'आमचं भागतं,'" वेन्ला पुढे वाचत होती, "'पण लाकडाच्या गिरणीतलं काम सुटलेला तो उंच गृहस्थ रोज डबा घेऊन निघतो आणि तळ्याकाठी बसतो. त्याच्या दोन मुलींना द्या.'"

"मी मासे पकडतो तिथे!" मागून उंच गृहस्थ ओरडला.

"मिळतात का?" राउनीमावशीने विचारलं.

"...नाही."

कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग धरणच फुटलं. आमचं भागतं, पण चर्चसमोरच्यांना. आमचं भागतं, पण पिवळ्या मोपेडवाल्याला. चार सोडून सगळ्या फॉर्मांवर हेच! आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं बघावं वाकून, म्हणतात ना, तसं अख्खं गाव वर्षानुवर्षं एकमेकांकडे वाकून बघत होतं, आणि जे दिसलं ते मनात जपून ठेवत होतं. लोक खुर्च्यांवर उड्या मारायला लागले. "अरे, ते माझ्याबद्दल!" "नाही, तू गप बस, ते माझ्याबद्दल!" वेन्लाच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी येत होतं.

"'आमचं भागतं. पण आमच्या इमारतीच्या ब जिन्यातल्या लाल टोपीवालीला फार गरज आहे. ती मागणार नाही. दगड आहे नुसती.'"

माझेच शब्द. जमीन दुभंगेल तर बरं असं मला झालं. ओउती सावकाश माझ्याकडे वळली. तेवढ्यात वेन्लाने पुढचा कागद उचलला.

"'आमचं भागतं. पण माझ्या समोरच्या दारातली बेकरीत जाते, पहाटे जिन्यात बेसूर गाते. तिची तीन मुलं आहेत. महिन्याच्या शेवटी ती मुलांना वाढते आणि स्वतः खिडकीत कॉफी घेऊन उभी राहते. तिला वाटतं, कोणाला दिसत नाही.'"

हशा थांबला. मला रडू आलं आणि हसूही आलं, दोन्ही एकाच नाकातून.

"ती मीच," मी म्हणाले. आता जीभ सुटली होती. "मी खोटं लिहिलं होतं. मला गरज आहे. सूप पाहिजे मला!"

"मला पण!" कुत्र्याच्या बाई उठल्या. "आम्हाला दोन वाडगे!" उंच गृहस्थ उठला. बघता बघता मधल्या सगळ्या रिकाम्या खुर्च्या ढकलल्या गेल्या आणि माणसं एकमेकांना चिकटून उभी राहिली. आमच्या गावात असं दृश्य फक्त हॉकी जिंकल्यावर दिसतं.

उर्पोने टेबल वाजवून वाजवून शेवटी कपाळाला हात लावला. "वेन्ला, मग नव्वदपैकी गरज किती घरांना?"

वेन्लाने वाचता वाचता कागदावर मारलेल्या रेघा पुन्हा पुन्हा मोजल्या. "ब्याण्णव."

"नव्वदपैकी?"

"दोन घरांनी फॉर्मच भरला नव्हता. पण शेजाऱ्यांनी त्यांचं लिहिलंय."

उर्पोने प्रस्ताव स्वतःच्या हाताने फाडला. आकडे बोलले होते ना! राउनीमावशीने तेवढ्यात ओगराळं उंचावून आणखी एक मंजूर करून घेतलं: पोरांचं झाल्यावर उरलेलं सूप मोठ्यांना.

जूनचा पहिला सोमवार. मी बेकरीतून सुट्टी काढून पोरांसोबत बागेत गेले. पोरांचे तीन वाडगे भरले, परत भरले. मग राउनीमावशी ओरडली, "मोठे, या आता!" मोठ्यांची रांग लागली. ओउती माझ्या पुढे होती.

"दगड?" ती मागे न बघता म्हणाली.

"बेसूर?" मी म्हणाले.

"तू गातेस की दार करकरतं, तेच कळत नाही." मग तिने पिशवीत हात घालून निळा वाडगा काढला, माझ्यासमोर धरला. तिचा स्वतःचा दुसऱ्या हातात होताच. "पोरांचे तीन आणलेस. स्वतःचा आणला नसशील, माहीत होतं मला."

खरंच नव्हता आणला.

"अगं राहू दे," मी म्हणाले, "माझं भागतं."

अख्खी रांग खो खो हसत सुटली. एका कानाचा कुत्राही भुंकला. मी ओउतीच्या हातातून वाडगा घेतला आणि पातेल्यापुढे धरला.