अण्णांचा डावा पाय आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी बेअरिंग आहे, क्लचची. ओळखलं नाहीत ना? तुमचा दोष नाही. गाडी धुतात, पुसतात, दसऱ्याला तिला झेंडूचा हार घालतात; माझ्याकडे मात्र कुणी ढुंकूनही बघत नाही. बघणार तरी कसं? मी राहते इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधल्या अंधाऱ्या खोलीत. आकार बांगडीएवढा, आणि पोटात गुळगुळीत पोलादी गोळ्या.

माझं काम सांगते. इंजिन आणि चाकं एकमेकांचा हात धरून पळत असतात. गिअर बदलायचा तर ते हात घटकाभर सुटावे लागतात. चालवणाऱ्यानं डाव्या पायानं क्लच दाबला की मी पुढे सरकते, गरगर फिरते आणि ते हात सोडवते. पाय उचलला की मागे येते, थांबते आणि माझा डोळा लागतो.

जन्माचं मला धूसरच आठवतं. तेलाचा वास, दिव्यांच्या रांगा, आणि पोटात पहिल्यांदा भरलेलं लोण्यासारखं मऊ ग्रीस. मग जाग आली ती फरीदाबादला, अण्णासाहेबांच्या दारात. अण्णा तेव्हा केंद्र सरकारच्या नोकरीतून नुकतेच निवृत्त झाले होते. उभा जन्म ऑफिसच्या बसमधून गेला, आणि आता कुठे स्वतःची गाडी. काय ते कौतुक! अण्णा आणि त्यांच्या पत्नी इंदुमतीबाई, दोघंच कुठे कुठे हिंडायची.

पहिली वर्षं स्वप्नातच गेली म्हणा ना. मला रस्ता दिसत नाही, पण कळतो. सूरजकुंडच्या चढाला एक लय, मथुरा रोडला दुसरी. हिवाळ्यात धुकं उतरलं की सगळंच सावकाश व्हायचं. क्लच दाबला, सोडला, पुन्हा दाबला, आणि मधल्या डुलक्यांत मला वाटायचं की गाडी रस्त्यावरून नाही, सायीवरून चालली आहे. गिअर असा पडतो की पत्ता लागत नाही, असं अण्णा प्रत्येक पाहुण्याला सांगायचे. तो पत्ता न लागू देणारी मीच, हे अर्थात त्यांना ठाऊक नव्हतं. तरी मी अंधारात सुखावायचे.

सहा वर्षांपूर्वी इंदुमतीबाईंच्या पाठीचं ऑपरेशन झालं. त्या मागच्या सीटवर उशी घेऊन बसू लागल्या. आणि काय झालं कोण जाणे, अण्णांचा डावा पाय क्लचवरून उतरेचना. बदरपूरची गर्दी असो की मोकळा रस्ता, पाय आपला पेडलवर टेकलेला. मला ना धड काम, ना धड झोप. अर्धवट जागी राहून मी फिरत राहिले. ग्रीस सुकलं, गोळ्या झिजल्या, आणि यंदाच्या जानेवारीत मी ओरडायला लागले. बारीक, चिरक्या आवाजात, जिवाच्या आकांतानं.

शेजारच्या सेक्टरमध्ये राहणारी देवयानी, अण्णांची मुलगी, तिनं तो आवाज पहिल्याच दिवशी ऐकला. गिअरबॉक्स गेला, गाडी विकून टाका, आता कॅबनं फिरा, असं तिनं सांगितलं. इंदुमतीबाईंनीही आवाज येतो म्हटलं. अण्णा संतापले.

"मला तर काही ऐकू येत नाही," ते म्हणाले. "तुम्हाला गाडी विकायची आहे, म्हणून ती ओरडते."

बायकोला हवं तिथे, कुणाचं तोंड न बघता नेता येतं, एवढाच तर अण्णांचा रुबाब उरला होता. तो सोडायचा कसा? मला मात्र राग यायचा. ज्यांच्या पायाखाली माझा जीव चालला होता, त्यांनाच माझा आवाज ऐकू जात नव्हता.

शेवटी ठरलं की श्याम मिस्त्रीला दाखवायचं. गिअरबॉक्स गेला असेल तर गाडी विकायची. तिघंही गॅरेजवर गेली. श्यामनं गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवली. क्लचवर पाय नाही, तोवर मी गप्प. त्यानं पाय ठेवला, मी किंचाळले. उचलला, पुन्हा गप्प. त्यानं लगेच सांगितलं की गिअरबॉक्स ठणठणीत आहे; तिथली बेअरिंग असती तर उलट झालं असतं, क्लच दाबल्यावर आवाज बंद झाला असता. गेली आहे ती क्लचची बेअरिंग.

अण्णा त्याच्याकडे संशयानं बघत राहिले. हाही यांना सामील, असंच त्यांच्या मनात आलं असणार. श्यामनं वाद घातला नाही.

"बाबूजी, जूता उतारिए और पाँव रखिए," तो म्हणाला.

अण्णांनी बूट काढला, मोजा काढला आणि अनवाणी पाय पेडलवर ठेवला. होती नव्हती तेवढी माझी सगळी थरथर मी त्या तळव्याला दिली. मग त्यांनी हळूच विचारलं की आवाजसुद्धा खरंच येतो का. श्यामला घरातलं भांडण काय माहीत! गाडी गल्लीच्या कोपऱ्यावर होती तेव्हाच ऐकला, असं त्यानं सहज सांगून टाकलं.

दुपारपर्यंत गिअरबॉक्स खाली उतरला आणि अकरा वर्षांनी मी उजेड पाहिला. क्लचवर सारखा पाय कोण ठेवतं, असं श्यामनं विचारलं.

"मी," अण्णा म्हणाले. "खड्डा आला की लगेच दाबून गिअर उतरवता यावा म्हणून. हिच्या पाठीला धक्का नको."

इंदुमतीबाईंना सहा वर्षं वाटत होतं की धक्के बसत नाहीत ते गाडीच चांगली आहे म्हणून. त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

श्यामनं नवी क्लचप्लेट आणि नवी बेअरिंग बसवली, आणि मला अण्णांच्या हातात दिलं. अण्णांनी मला कानाशी धरून फिरवलं. मी केवढ्यानं ओरडले! दोन हात अंतरावर उभ्या असलेल्या देवयानीनं तोंड वेडंवाकडं केलं. ते अण्णांनी पाहिलं. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. त्यांचा चेहरा मी तेव्हा अगदी जवळून बघितला, आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. ते घाबरले होते. मागून येणारे हॉर्न, मागच्या सीटवरून मारलेल्या हाका, आणखी काय काय आपल्यापर्यंत पोचलंच नसेल, हेच त्यांच्या मनात चाललं असावं.

त्यांनी खिशातून किल्ली काढली.

"देवयानी, कान तपासून येईपर्यंत गाडी तू चालव," ते म्हणाले. "आणि डावा पाय खाली ठेव, क्लचवर नको."

विकून टाका म्हणणाऱ्या देवयानीनं किल्ली घेतली. अण्णांनी मला रुमालात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात घातलं आणि ते तिच्या शेजारी बसले. गाडी निघाली. नवी बेअरिंग इतकी गुपचूप फिरत होती की मला माझेच जुने दिवस आठवले. वळणावर गतिरोधक आला आणि अण्णांचा डावा पाय समोरच्या रिकाम्या जागेवर घट्ट दाबला गेला. इंदुमतीबाई मागून त्यांच्या कानाशी वाकल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "अहो, नाही बसला धक्का."

मित्रांनो, क्लचचं काम झालं की पाय खाली टेकवत जा, म्हणजे माझ्या बहिणींना झोप मिळेल. आणि तुमच्या घरातलं कुणी म्हातारं माणूस मला काहीच ऐकू येत नाही म्हणून चिडलं, तर त्याच्यावर ओरडू नका. हलकेच त्याचा बूट काढा आणि त्याचा पाय पेडलवर ठेवा.